त्याला, तिला, तुला

आर्चडीकनांची, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या वरिष्ठ पाद्र्यांची, गाडी हमरस्त्यावर कुठेतरी गर्दीत अडकली होती, म्हणून हे झालं. नाहीतर मॉसप मास्तरांवर तिचा हात धरायची वेळ आली नसती. नोव्हेंबरची दुपार, उजेड विझायला आलेला, शेफील्डच्या त्या चढावरून खाली ट्रामची घरघर ऐकू येत होती आणि सेंट ऑस्विन चर्चच्या दारात तिथली नवी पाद्री, व्हिकर वेंडी आउट्रम, जाड लोकरी स्वेटरवर पाद्र्याची पांढरी पट्टी घालून उभी होती. संध्याकाळी बिशप येणार, नेमणुकीचा सोहळा होणार, त्याआधी एकदा रंगीत तालीम करून घ्यावी अशी तिची इच्छा. "बिशपसमोर गोंधळ नको व्हायला," ती म्हणाली. "मिस्टर मॉसप, तुम्हीच व्हा घटकाभर आर्चडीकन." मास्तर म्हणाले, "मी?" आणि मागे फुलदाणीत शेवंती खोचत बसलेल्या डॉट हॅलम बाई, मास्तरांसारख्याच चर्चचा कारभार पाहणाऱ्या वॉर्डन, खिदळल्या. "व्हा हो, लिओनर्ड. या वयात दुसरी कुठली बढती मिळणार तुम्हाला?" मग मास्तरांनी चष्मा लावला, छापील कागद डाव्या हातात धरला आणि उजव्या हातानं वेंडीचं मनगट धरून तिचा पंजा दाराच्या लोखंडी कडीवर ठेवला. तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. हात गार होता, पण मनगटाखाली नाडी टकटक लागत होती. "मी तुला," ते वाचू लागले, "या चर्चच्या खऱ्या, प्रत्यक्ष आणि सदेह ताब्यात..." आणि आवाज तिथेच थांबला. "बरोबर आहे की," वेंडी म्हणाली. "पुढे?" पुढे नुसतं 'इंडक्ट करतो' एवढंच होतं. वाक्य जवळजवळ संपलेलं होतं.

"या इंडक्टचा अर्थ काय हो नेमका?" डॉटबाईंनी विचारलं. त्या बेकरीवाल्याची विधवा. शंका आली की पोटात ठेवत नसत. "माझ्या सुनेला हॉस्पिटलात करतात म्हणाले होते ते. जुळी झाली." वेंडी दाराला टेकून हसायला लागली. मास्तरांना हसू आलं नाही, पण उत्तर मात्र आलं. चाळीस वर्षं पोरांना लॅटिन आणि इंग्रजी शिकवलेल्या माणसाच्या तोंडून उत्तर श्वासासारखं येतं. ते इंड्यूस, औषधानं बाळंतकळा आणतात ते, ते वेगळं, ते म्हणाले, हे इंडक्ट. मुळात लॅटिन. आत, आणि नेणं. हाताला धरून आत नेणं. पाद्री बनवणं याला वेगळं क्रियापद आहे, ते बिशपचं काम, आणि ते आयुष्यात एकदाच होतं. बिशप अधिकार देतो. पण अधिकार मिळाला म्हणून माणूस आत पोचला असं होत नाही. कुणीतरी त्याला दारापर्यंत नेऊन त्याचा हात कडीवर ठेवावा लागतो. ते हे. आजकाल क्लबात घेतात त्यालाही म्हणतात, अमेरिकेत सैन्यात भरती करतात त्यालाही, पण खरं घर त्या शब्दाचं हे, चर्चचं दार. "आणि स्वतःचं स्वतःला करता येत नाही," मास्तर म्हणाले. "सकर्मक क्रियापद आहे. दुसरा माणूस लागतोच." "बघा," डॉटबाई वेंडीला म्हणाल्या, "म्हणून यांना आम्ही ठेवलंय. नाहीतर वॉर्डन म्हणून तसे काही उपयोगाचे नाहीत, साधा फ्यूज बदलता येत नाही."

संध्याकाळपर्यंत जरा आडवं व्हावं म्हणून मास्तर घरी निघाले, पण घरी जायच्या वाटेवरून न जाता चढ चढत राहिले. तुला. शब्द डोक्यातून जाईना. इतकी वर्षं त्यांच्या ध्यानात कसं आलं नव्हतं? दाराशी उभं राहून म्हणायचं वाक्य हे. समोरच्याच्या तोंडावर म्हणायचं. तिथे 'त्याला' येत नाही आणि 'तिला' येत नाही. तिथे फक्त 'तुला' येतं, आणि 'तुला' हा शब्द बाईला आणि पुरुषाला एकच. हे सहावीतल्या पोराच्याही लक्षात आलं असतं. आणि त्या दिवशी, अकरा वर्षांपूर्वी, याच चर्चच्या सभागृहात, कोळशाच्या शेगडीसारख्या तापणाऱ्या त्या जुन्या हीटरपाशी उभं राहून, त्यांनी नेमकी उलट गोष्ट सांगितली होती आणि लोक हसले होते. बायकांना पाद्री होता येईल असा ठराव वर लंडनला मंजूर झालेला, पण आपल्या चर्चला बाई व्हिकर नको असं ज्या चर्चला म्हणायचं असेल त्याला तसं म्हणायची मुभा होती. सभा त्यासाठी. कुणी बायबल काढलं, कुणी पोप काढला, एक गृहस्थ तर रागानं रडले. मास्तरांना तो सगळा आरडाओरडा अभिरुचीहीन वाटला. ते उठले आणि शांतपणे म्हणाले की आपण धर्मशास्त्रातले नाही, आपण व्याकरणातले. "मित्रहो, 'व्हिकरची नेमणूक केली' या वाक्यातल्या क्रियापदापुढे इतकी शतकं 'त्याला' येत आलं आहे. 'तिला' कधीच आलेलं नाही. एखादी परिषद हात वर करून राज्य बदलू शकते, कर बदलू शकते. व्याकरण बदलू शकत नाही." हशा पिकला. टाळ्याही पडल्या. बाई व्हिकर नको हे त्या हशातच ठरून गेलं. नंतरचं मतदान नुसतं नावाला. आणि मास्तर बसता बसता त्यांची नजर मागच्या रांगेकडे गेली आणि तिथे, दाराजवळच्या खुर्चीवर, ओला कोट मांडीवर घेऊन त्यांची लेक हिलरी बसलेली होती.

ती शनिवार-रविवारसाठी आली होती. सभेला येईल असं म्हणाली नव्हती. चाळिशीची, सरकारी नोकरी सोडून धर्मशास्त्र शिकायला गेलेली, वर्षभरात पाद्री व्हायची. मास्तरांना ते ठाऊक होतं. मग ते तसं का बोलले? चढावर दम लागला तसे ते एका बागेच्या कठड्याला धरून उभे राहिले. रागानं बोलले असते तर आज काहीतरी धरायला राहिलं असतं. द्वेष नव्हता, श्रद्धासुद्धा नव्हती, खरं सांगायचं तर. वाक्य चांगलं जमलं होतं, म्हणून बोलले. आदल्या दिवशी दाढी करताना ते सुचलं होतं आणि आरशात पाहून ते एकदा म्हणूनही बघितलं होतं. घरी ओव्हनमध्ये मांस भाजत होतं, हिलरीला आवडतात म्हणून त्यांच्या बायकोनं, एनिडनं, पार्सनिपचे कंद सोलून ठेवले होते. हिलरी आली ती पिशवी भरायलाच. एनिड म्हणाली, "अगं, जेवून तरी जा." हिलरी म्हणाली, "मला निघायला हवं, मम्." मग मास्तरांकडे वळून म्हणाली, "छान बोललात, डॅड. सगळे हसले." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच वाईट. लहानपणी ती जेवणाच्या टेबलावर त्यांच्याकडून लॅटिन शिकायची, चूक झाली की जीभ चावायची, आणि बरोबर आलं की वर बघायची. त्या संध्याकाळी तिनं तसं वर बघितलं, आणि गेली.

तिला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली त्या दिवशी मास्तरांना सर्दी झाली होती. झाली होती खरीच, पण सर्दीच. एनिड एकटी बसनं गेली, निळी टोपी घालून. परत आली तेव्हा तिनं टोपी काढून खोक्यात ठेवली, खोकं कपाटावर ठेवलं, आणि चहा टाकला. मास्तर वाट पाहत राहिले की ती काही सांगेल. तिनं विचारलं, "खोकला कसाय?" एवढंच. पुढची उरलेली वर्षं तिनं त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि ही शिक्षा आहे हे मास्तरांना फार उशिरा कळलं, कारण एनिड शिक्षा करणाऱ्यातली नव्हती. आणि मग एनिडच्या अंत्यविधीला हिलरी आली. मार्च होता, थंडी होती, तिच्या गळ्याभोवती करड्या लोकरीचा मफलर होता, आणि चर्चमध्ये, आत, जिथे सगळ्यांनी कोट काढले, तिथेही तिनं तो मफलर काढला नाही. मास्तरांना आधी कळलंच नाही. मग ती वाकली तेव्हा मफलर जरासा सरकला आणि खाली पांढरी पट्टी दिसली. तिनं ती झाकली होती. त्यांच्यासाठी. त्यांच्या चर्चमध्ये, त्यांच्या मित्रांसमोर, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपल्या आईच्या शवपेटीपाशी ती चोरासारखी बसली होती. तेव्हाच्या व्हिकरांनी, भल्या माणसानं, हळूच विचारलं होतं, "हिलरी, तुम्ही म्हणता का एक प्रार्थना?" तिनं बापाकडे पाहिलं. मास्तरांनी भजनाच्या पुस्तकाकडे पाहिलं. "नको," ती म्हणाली, "तुम्हीच म्हणा." आणि त्या क्षणी त्यांना काय वाटलं होतं? बरं वाटलं होतं. सुटल्यासारखं. हे आठवताना ते कठड्यावरचा हात इतका घट्ट दाबत होते की तळव्याला दगडाचे दाणे रुतले.

संध्याकाळी चर्च भरून गेलं. एवढी माणसं त्यांनी एनिडच्या वेळेलाही पाहिली नव्हती. आर्चडीकन पोचले, बिशप आले, वेंडीनं कडीवर हात ठेवला, आर्चडीकनांनी तिच्या हातावर हात ठेवला, ते वाक्य झालं, घंटा वाजली. मास्तर वॉर्डनची काठी धरून बाजूला उभे होते आणि त्यांच्या मनात एकच विचार कुरतडत होता: किती सहज. आकाश कोसळलं नाही. समोर तीच माणसं बसली होती जी त्या दिवशी हसली होती. गेल्या वसंतात यांनीच तो जुना ठराव मागे घेतला होता, आणि त्यामागे काही मनं बदलली होती असंही नाही. दीड वर्ष जागा रिकामी, एकही पुरुष अर्ज करेना, मयतीला सुद्धा दुसऱ्या चर्चचा पाद्री मागून आणावा लागायचा. "पुरुष मिळत नाही तर बाई घेऊ या, आहे काय त्यात," असं डॉटबाई म्हणाल्या आणि हात वर झाले. मास्तरांचाही झाला. त्यांना जुनं भाषण कुणी आठवून दिलं नाही. जे त्यांनी आपल्या लेकीला तत्त्व म्हणून नाकारलं, ते परक्या बाईला अडचण म्हणून देऊन टाकलं.

नंतर सभागृहात चहा, हॅमची सँडविचं, डॉटबाईंचे आल्याचे केक. वेंडी कपबशी घेऊन त्यांच्याकडे आली. "दुपारी तुमचा आवाज का अडकला हो?" ती म्हणाली. मास्तर काही बोलायच्या आत डॉटबाई बोलल्या. "अहो, यांची मुलगी व्हिकर आहे. तिकडे हल शहरात. सांगितलं नाही यांनी? तोंडात मिठाची गुळणी धरून असतात." वेंडीचा चेहरा उजळला. "काय सांगता! मग तुम्हाला सगळं पाठच असणार. तिच्या वेळी कोण होतं तिकडे? तुम्ही कुठे बसला होता?" मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या कानांनी ऐकलं की ते म्हणाले, "मला सर्दी झाली होती." वेंडीनं मान हलवली, जणू सर्दी ही फार मोठी गोष्ट असते, आणि दुसऱ्या कुणीतरी तिला हाक मारली.

बुधवारी सकाळी मास्तर हलला जाणाऱ्या आगगाडीत बसले. फोन केला नव्हता. फोन केला असता तर हिलरी "या ना" म्हणाली असती, त्याच नीटनेटक्या आवाजात, नाताळला ज्या आवाजात बोलायची, आणि मग त्यांना सर्दी झाली असती. बुधवारी दुपारी तिच्या चर्चमध्ये छोटी उपासना असते एवढं त्यांना माहीत होतं. एनिड एकदा बोलता बोलता बोलून गेली होती. गाडी डॉनकास्टर सोडून सपाट मुलखात आली. मग हंबर नदी आली, दुधाच्या चहासारखी गढूळ, आणि तिच्या कडेकडेनं रूळ जात राहिले. काय म्हणायचं? मास्तरांनी वाक्यं जुळवून पाहिली. प्रत्येक वाक्य चांगलं जमत होतं. म्हणून त्यांनी एकेक करून ती सगळी टाकून दिली. आपल्या ओठांची हालचाल समोरची बाई चोरून बघत होती हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ओठ मिटले.

चर्च जुन्या गोदीच्या मागे होतं, विटांचं, कुरूप, एका बाजूला गालिच्यांचं दुकान. आत ओल्या कोटांचा आणि मेणाचा वास. बाजूच्या छोट्या वेदीपाशी पाच-सात माणसं. मास्तर शेवटच्या बाकावर बसले. हिलरी पुढून वळली ती पांढरा झगा घालून, केस पिकलेले, एनिडसारखे कानामागे सारलेले. कधी पिकले? तिनं त्यांना पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही झालं नाही. फक्त एक पान उलटायचं होतं ते तिनं दोनदा उलटलं. मग तिनं सुरुवात केली. तिचा आवाज त्यांनी असा कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, घाईचा नव्हता. त्यात काही सिद्ध करायचं नव्हतं. मास्तरांना वाटलं, वर्गात आपला आवाज असा कधीच नव्हता, आपण कायम जिंकायला बोलायचो. मग सगळे उठून वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून पवित्र भाकर घ्यायला गेले. मास्तर उठले नाहीत. उठायचं होतं. पाय ठीक होते, आदल्याच आठवड्यात त्यांनी चढ चढला होता. पण इतक्या वर्षांनी सरळ चालत जाऊन तिच्यासमोर हात पसरायचे, हा हक्क कुठून आणायचा हे कळेना, आणि ते बाकाची कड धरून बसून राहिले. कठड्यापाशी सगळ्यांना देऊन झालं. मग हिलरी वाटी हातात घेऊन चालत मागे आली. ज्यांना उठवत नाही त्यांच्याजवळ पाद्री स्वतः जातात, तशी. ती त्यांच्यासमोर थांबली. "पाय दुखतायत का?" तिनं हलक्या आवाजात विचारलं. "नाही," मास्तर म्हणाले. ती थांबून राहिली. चर्चमध्ये कुणी खोकलं. बाहेरून एक ट्रक गेला आणि काचा थरथरल्या. मग मास्तरांनी हात पुढे केले, डावा खाली, उजवा वर, आणि तिनं त्यांच्या तळव्यावर भाकरीचा तो पातळ तुकडा ठेवला आणि म्हणायचं ते म्हणाली, जसं ती सगळ्यांना म्हणाली होती तसं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही.

उपासना संपल्यावर मागच्या टेबलावर चहा होता. हिलरी दाराशी एकेकाचा हात हातात घेऊन निरोप देत होती. मास्तरांच्या शेजारी एक दणकट म्हातारा येऊन उभा राहिला, कोळी असणार, उत्तर समुद्रावर आयुष्य गेलेला, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. "नवीन दिसताय," तो म्हणाला. "बिस्किट घ्या. ते नको, ते मऊ पडलंय. हे घ्या." मग हिलरीकडे मान हलवून म्हणाला, "बाई एक नंबर आहे आमची. सुरुवातीला मी यायचोच नाही, बाईच्या हातून काय घ्यायचं म्हणून. मग माझी मॅव्हिस आजारी पडली. बर्फ पडत होतं तरी ही रोज यायची. शेवटी मॅव्हिस मला ओळखत नव्हती, पण हिला ओळखायची." त्यानं चहा ओतला. "लॅटिनसुद्धा येतं हो तिला. मी विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, माझे वडील शिकवायचे, फार सुंदर शिकवायचे. गेले वाटतं बिचारे." मास्तरांनी कप बशीत ठेवला. "असं म्हणाली ती? गेले म्हणून?" "तसं नाही म्हणाली," म्हातारा जरा गोंधळला. "शिकवायचे, असं म्हणाली. मला वाटलं..." तो त्यांच्याकडे निरखून बघू लागला, त्यांच्या नाकाकडे, कपाळाकडे, मग दाराशी उभ्या हिलरीकडे, आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. "अरे देवा," तो म्हणाला. "अहो, माफ करा हं." "नाही, नाही," मास्तर म्हणाले. "भूतकाळ बरोबरच आहे."

सगळे गेल्यावर हिलरी आली. अंगात काळा कोट चढवला होता, हातमोजे हातात. "मला एक अंत्यविधी आहे," ती म्हणाली. "कळवलं असतं तर मोकळी राहिले असते." "मग मी आलोच नसतो," मास्तर म्हणाले. तिला ते कळलं, मान हलवली. दोघं बाहेर गालिच्यांच्या दुकानाच्या भिंतीपाशी आले. मग मास्तर म्हणाले, "त्या दिवशी मी सभेत बोललो ते चूक होतं." आणि थांबले, कारण याच्यापुढे कारणं सुरू होतात. "व्याकरण म्हणून?" तिनं विचारलं. "व्याकरण म्हणूनही." तिच्या तोंडाची एक बाजू जराशी हलली, हसू आल्यासारखी, पण हसू काही पुढे आलं नाही. "डॅड, मला आनंद झालाय असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही," ती म्हणाली. "होईल कदाचित. पण मला तो हवा होता तेव्हा मी त्याची फार वाट पाहिली. थकले मग. मम् दर खेपेला सांगायची, तो येईल गं, तो येईल. शेवटच्या आजारातसुद्धा. तिला मी सांगून टाकलं होतं की तुम्ही येऊन गेलात म्हणून." मास्तरांना आधी अर्थ लागेना. "कुठे येऊन गेलो?" "इथे. एका बुधवारी. मागच्या बाकावर बसलात, मला न भेटताच गेलात, असं सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून." तिनं हातमोजे घातले. "ती म्हणाली, मला वाटलंच होतं."

रस्त्यावर काळी लांब गाडी येऊन थांबली. मयतवाल्यांचा माणूस खाली उतरून टोपी हातात घेऊन अदबीनं उभा राहिला. हिलरी त्याच्याकडे गेली, दोन पावलांवर थांबली, मागे वळली. "स्टेशन त्या बाजूला," ती म्हणाली. "पुढच्या बुधवारीही उपासना असते." मग गाडीत बसली. गाडी अगदी हळू निघाली, मयतीच्या गाड्या जातात तशी, आणि मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली. आतल्या शवपेटीत कोण होतं ते त्यांना माहीत नव्हतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले, आणि येणारी-जाणारी माणसं, घरातलंच कुणीतरी गेलंय असं समजून, त्यांना जपून वळसा घालून जात होती.